चार युएसबी मायनर एकाच हबवर, तिसरी स्टिक लावली की सगळंच बंद पडतंय

कृष्णाकाठ९ :

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी कऱ्हाडचा, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत मामेभाऊ अमेरिकेहून आला होता तो येताना गेकोसायन्स कंपनीच्या कॉम्पॅक एफ स्टिका (युएसबीवर चालणारे छोटे बिटकॉइन मायनर) घेऊन आला, चार आहेत, त्याने आता मोठं मशीन घेतलंय म्हणून ह्या त्याच्याकडे नुसत्या पडून होत्या. मला बरेच दिवस बिटकॉइनचं मायनिंग नक्की कसं चालतं ते स्वतः हाताने करून बघायचं होतं म्हणून मी लगेच हो म्हटलं. पैसे मिळतील अशी काही आशा नाहीये, ते आधीच सांगतो.

तर सेटअप असा आहे, रास्पबेरी पाय ४ (४ जीबीवाला छोटा कॉम्प्युटर), त्याच्यावर सीजीमायनर ह्या मायनिंगच्या प्रोग्रॅमची गेकोसायन्ससाठीची आवृत्ती कंपाइल करून टाकलीय, आणि ऑनलाइन मागवलेला १० पोर्टचा हब. हबबरोबर आलेल्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट ४ अँपिअर लिहिलंय. एक स्टिक ४०० मेगाहर्ट्झला लावली की छान २६०-२६५ गिगाहॅश (सेकंदाला किती अब्ज आकडेमोडी तो वेग, म्हणजे हॅशरेट) दाखवते, दुसरी लावली तरी चालते पण मधूनच हॅशरेट खाली येतो आणि परत चढतो, आणि तिसरी घातली रे घातली की अर्ध्या मिनिटात तिन्हीच्या पुढे झोंबी (म्हणजे स्टिकशी संपर्क तुटला) असं येतं आणि सगळंच गायब. मग हबचं बटण बंद करून परत चालू केलं की पुन्हा पहिल्यापासून. काल तर हबला हात लावला तर चटका बसेल इतका गरम होता आणि प्लॅस्टिकचा हलका वास पण आला, आईने लगेच सगळं बंद करायला लावलं.

माझे प्रश्न असे की, हब १० पोर्टचा आहे ना मग चार स्टिका का चालत नाहीत? माझ्याकडे तसाच अजून एक ५ व्होल्ट ४ अँपिअरचा अडॅप्टर पडलाय, तो आणि हा दोन्ही एकत्र जोडले तर ८ अँपिअर होतील का? का पायच्याच चार पोर्टमध्ये दोन दोन वाटून लावू? आणि रात्रभर चालू ठेवायला हे सुरक्षित आहे का, कारण आई-बाबा दोघांना भीती वाटते आणि खरं सांगायचं तर मलाही काल वास आल्यापासून वाटतेय.

तारजोड :

मित्रा आधी एक काम कर, तो हब आहे तसा परत लावू नकोस. वास आला म्हणजे आतली एखादी पट्टी किंवा कनेक्टर तापून मऊ पडायला लागलाय, आज नुसता वास आला, उद्या काळं पडेल. आईने बंद करायला लावलं ते अगदी बरोबर केलं.

आता तुझा मुख्य प्रश्न. पोर्ट किती आहेत ते मोजायचंच नाही, वॉट मोजायचे. हब बनवणारा १० पोर्ट देतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर माऊस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह असतात. युएसबी २ च्या नियमात एका पोर्टला ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॉट, युएसबी ३ ला ९०० मिलिअँपिअर म्हणजे साडेचार वॉट, बस्स एवढंच. तुझी कॉम्पॅक एफ ४०० मेगाहर्ट्झला साधारण २ अँपिअरच्या आसपास ओढत असणार, म्हणजे १० वॉट, म्हणजे युएसबी २ च्या चार पोर्टांचं एकटीच खाते. आत बीएम१३९७ चिप आहे, तीच जी अँटमायनर एस१७ मध्ये लावायचे, त्या चिपमध्ये ६७२ छोटे कोअर आहेत, ४०० गुणिले ६७२ कर, २६८ गिगाहॅश येतात, तुझा आकडा जवळपास तोच आहे म्हणजे एकटी असताना स्टिक अगदी ठणठणीत चालतेय.

मग हिशोब बघ. अडॅप्टर ५ गुणिले ४ म्हणजे २० वॉट, तेही लेबलवर. दोन स्टिका म्हणजे २० वॉट झाले, काठावर. म्हणून दुसरी लावल्यावर हॅशरेट वरखाली होतो. तिसरीला द्यायला काही उरलंच नाही, व्होल्टेज कोसळतं आणि तिघी एकदम पडतात. आणि ह्यात एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही, स्टिकच्या आत स्वतःचा कन्व्हर्टर असतो तो ५ व्होल्टचे चिपला लागतात तेवढे कमी व्होल्ट करतो, त्याला ठराविक वॉट हवेच असतात, म्हणजे वरून व्होल्टेज कमी मिळालं की तो हट्टाने जास्त करंट ओढतो, जास्त करंट ओढला की तारेत आणि हबच्या पट्टीत अजून व्होल्टेज पडतं, मग अजून जास्त ओढतो. बल्ब कसा व्होल्टेज कमी झालं की मंद होतो, तसं इथे होत नाही. म्हणून हळूहळू मंदावत नाही, धाडकन पडतं आणि पडायच्या आधी सगळं तापवून ठेवतं.

दोन अडॅप्टर एकत्र जोडू नकोस. दोघांवर ५ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी एक ५.१ देतो एक ४.९५ देतो, ज्याचं जास्त तो जवळपास सगळा भार एकटा उचलतो आणि तोच आधी जळतो, आणि एक बंद पडला तर दुसऱ्याचा करंट उलटा त्याच्यात शिरायला बघतो. अडॅप्टर दोन असतील तर हब पण दोन हवेत, प्रत्येकाचा संसार वेगळा.

पायच्या पोर्टचा तर विचारच नको. पाय ४ च्या चारही युएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे, त्यात तुझी एक स्टिक पण बसत नाही. पाय ५ ला ५ अँपिअरचा सप्लाय लावला तरी सगळे मिळून १.६ अँपिअर. पायकडून फक्त डेटा घ्यायचा, पॉवर बाहेरून.

ऑरेंजसिटी :

भावा एवढं कशाला, मोबाईलचा ६५ वॉटचा फास्ट चार्जर असेल ना घरी कोणाकडे तो लाव हबला, २० च्या जागी ६५ वॉट मिळतील. माझ्या लॅपटॉपला पण तोच चालतो.

सोल्डरवाली :

ऑरेंजसिटी, कृपया हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. तुमचा ६५ वॉट हा आकडा २० व्होल्टचा आहे, २० गुणिले सव्वातीन. तो चार्जर आधी समोरच्या उपकरणाशी बोलतो, त्याने मागितलं तरच व्होल्टेज वाढवतो, आणि ५ व्होल्टवर तो बहुतेक ३ अँपिअरच देतो म्हणजे १५ वॉट. हबचं गोल सॉकेट काही मागतच नाही, त्यामुळे कृष्णाकाठला आत्ता मिळतायत त्यापेक्षा कमी मिळतील. आणि बाजारात टाइप सी टू गोल पिन अशा केबल मिळतात ज्यात छोटी सर्किट बसवलेली असते, ती चुकून १२ किंवा २० व्होल्ट मागणारी निघाली आणि हब ५ व्होल्टवाला असेल तर चारही स्टिका एका सेकंदात जातील.

कृष्णाकाठ, मी पुण्यात मोबाईल आणि बोर्ड रिपेअरिंगचं काम करते, अशा "हब गरम होतो" तक्रारी आठवड्याला एक तरी येते, मायनिंगच्या नाही पण हार्ड डिस्कच्या, कॅमेऱ्याच्या. तारजोड दादांनी वॉटचं सांगितलंय ते बरोबरच आहे, मी तारेचं सांगते कारण निम्मे लोक तिथे फसतात.

तू स्टिका थेट हबमध्ये लावतोस का एक्स्टेन्शन केबल वापरतोस ते लिहिलं नाहीस. साध्या बारीक केबलमध्ये पॉवरची तार पण बहुतेक २८ गेजची असते. तिचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.२१ ओहम, आणि करंट जातो आणि परत येतो म्हणून एक मीटरच्या केबलला ते दुप्पट धरायचं, म्हणजे ०.४२. त्यातून २ अँपिअर गेले की ०.८४ व्होल्ट तारेतच खलास. ५ चे ४.१६ झाले. स्टिक कशी चालेल? तेच २४ गेजला साधारण ०.३४ व्होल्ट पडतं आणि २० गेजला ०.१३. म्हणून केबल घ्यायची तर तिच्यावर छापलेलं गेज वाच, आकडा जितका लहान तितकी तार जाड, आणि लांबी शक्य तितकी कमी. काहीच छापलेलं नसेल तर ती केबल ह्या कामाला घेऊ नकोस.

आता हबच्या आत काय असतं ते. मी उघडलेल्या स्वस्त हबमध्ये सगळ्या पोर्टांना एकच ५ व्होल्टची तांब्याची पट्टी फिरवलेली असते, तीही अरुंद, आणि सुरवातीला एकच पॉलीफ्यूज. पॉलीफ्यूज म्हणजे तो जळत नाही, तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंट अडवतो, थंड झाला की परत चालू. तू बटण बंद करून चालू करतोस तेव्हा परत चालतं ना, त्याचं एक कारण ते पण असू शकतं. जरा बऱ्या हबमध्ये प्रत्येक पोर्टला वेगळी करंट लिमिटची आयसी असते, एक पोर्ट पडला तर बाकीचे चालू राहतात. तुझे तिन्ही एकदम पडतात यावरून तुझा पहिल्या प्रकारचा दिसतोय.

आधी मोजून घे, अंदाजावर नवीन वस्तू घेऊ नकोस. युएसबी मीटर मिळतो, पोर्ट आणि स्टिकच्या मधे लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवतो, दोनतीनशेच्या आसपास मिळून जातो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल, कऱ्हाडला नाही मिळाला तर ऑनलाइन घे. एक स्टिक लाव, ५ मिनिटं चालू दे, आकडा लिहून ठेव. ४.७५ च्या खाली आलं की तिथून पुढे कटकट सुरू असं मी धरते. आणि हे करताना स्टिक २०० मेगाहर्ट्झला ठेव, करंट जवळजवळ निम्म्यावर येईल, हबवर ताण कमी.

कृष्णाकाठ९ :

तारजोड दादा, सोल्डरवाली ताई, खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. ऑरेंजसिटी दादा तुम्ही पण मदतीसाठीच लिहिलंत, धन्यवाद.

ताई, बरोबर ओळखलंत, स्टिका शेजारी शेजारी बसत नव्हत्या म्हणून मी दोन एक्स्टेन्शन केबल वापरत होतो, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या, वर काहीच छापलेलं नाही. मीटर साताऱ्याहून एका मित्राने आणून दिला आज. एक स्टिक २०० ला थेट पोर्टमध्ये : ४.९६ व्होल्ट, १.०५ अँपिअर. तीच ४०० ला : ४.८४ व्होल्ट, २.०४ अँपिअर. मग तीच ४०० ला एक्स्टेन्शन केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावून : ४.४१ व्होल्ट आणि २.२५ अँपिअर!! दादांनी लिहिलेलं अगदी तसंच, व्होल्टेज पडलं तर करंट वाढला, डोळ्यासमोर आकडा चढताना दिसला. दोन स्टिका थेट लावल्या तर ४.५८. तिसरी लावायची हिंमत केली नाही.

अजून एक विचित्र गोष्ट दिसली. पायची स्वतःची पॉवर काढली तरी पायचा लाल दिवा मंद लागलेला राहतो, हबची केबल काढली की विझतो. हे नॉर्मल आहे का?

तारजोड :

नाही, नॉर्मल नाही, हब उलटा पायला करंट देतोय. हबच्या आत जी उलटा करंट अडवणारी व्यवस्था असायला हवी ती स्वस्त हबमध्ये वाचवतात, म्हणून अडॅप्टरचे ५ व्होल्ट वरच्या केबलमधून पायच्या पोर्टात शिरतात. पाय कधी कधी नीट बूट होत नाही, मधेच अडकतो, मेमरी कार्ड खराब होतं, आणि जास्त दिवस चाललं तर पोर्ट जाऊ शकतो. मी एक पाय असाच घालवलाय, तीन महिने कळलंच नाही की कार्ड सारखं का खराब होतंय, दोन कार्डं बदलली, शेवटी एकदा लाइट गेली असताना नुसत्या इन्व्हर्टरवरच्या हबने पायचा दिवा लागलेला दिसला तेव्हा समजलं.

उपाय साधा आहे, हबपासून पायकडे जी केबल जाते तिच्या पायकडच्या प्लगमधल्या पहिल्या पिनेवर म्हणजे ५ व्होल्टच्या पिनेवर पिवळ्या कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी, करंट न जाऊ देणारी टेप) बारीक पट्टी चिकटव. डेटाच्या दोन पिना आणि ग्राउंड उघडे राहिले पाहिजेत, ग्राउंड तर नक्कीच. काही हबला मात्र ते ५ व्होल्ट वरून मिळाले तरच कळतं की कोणीतरी जोडलंय, तसा असेल तर टेप लावल्यावर हब पायला दिसणारच नाही, मग टेप काढ आणि हब बदल, दुसरा मार्ग नाही.

तुझे आकडे बघून सांगतो, हा हब ह्या कामाचा नाही. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला हब. त्यात अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा असला तर ६० वॉट, आतला कन्व्हर्टर त्याचे ५ व्होल्ट करताना १०-१५ टक्के उष्णतेत जातात, हातात ५१ ते ५४ वॉट राहतात म्हणजे ५ व्होल्टला १० अँपिअर. तुझ्या चार स्टिका ८ अँपिअर. बसतं, थोडी मोकळी जागा पण राहते. १२ व्होल्ट आणल्याचा फायदा हा की अडॅप्टरपासून हबपर्यंतच्या तारेतून करंट कमी जातो, त्यामुळे तिथला तोटा कमी. गेकोसायन्सने ह्याच कामासाठी स्वतःचा १२ व्होल्टवर चालणारा हब काढलेला आहे, मामेभावाला विचार, त्याच्याकडे असेल तर पुढच्या खेपेला आणायला सांग. इथला कुठलाही घेतलास तर लेबलवर एका पोर्टला किती आणि सगळे मिळून किती हे दोन्ही शोध, "चार्जिंग पोर्ट" लिहिलेले दोनतीनच पोर्ट जास्त देणारे असतात आणि त्यातल्या काहींना डेटाच नसतो, तिथे स्टिक दिसणारच नाही. युएसबी ३ हवाच असं नाही, मायनिंगला डेटा किरकोळ लागतो, युएसबी २ पण धावेल.

दुसरा रस्ता ५ व्होल्टच्या एसएमपीएसचा म्हणजे थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायचा, तो ताईंनी सांगावा, त्यांचा हात त्यात जास्त आहे.

सोल्डरवाली :

सांगते पण आधी स्पष्ट लिहिते, २३० व्होल्टच्या स्क्रूला हात लावायची सवय नसेल तर हा रस्ता घेऊ नकोस, १२ व्होल्टवाला हबच घे, त्यात काही कमीपणा नाही. डिप्लोमा कुठल्या शाखेचा ते लिहिलं नाहीस म्हणून सांगतेय.

एलईडी बोर्डवाले वापरतात तसा जाळीदार पत्र्याचा एसएमपीएस येतो, मीनवेल कंपनीचा एलआरएस-१००-५ घेतलास तर ५ व्होल्ट १८ अँपिअर, एलआरएस-७५-५ घेतलास तर १४ अँपिअर. तुला ७५ वाला भरपूर झाला. बाजारात त्याच तोंडवळ्याचे बिननावाचे अर्ध्या किमतीत मिळतात, त्यांच्यावर लिहिलेला करंट मी कधी खरा निघालेला बघितला नाही. त्याच्यावर एक छोटा स्क्रू असतो, मल्टिमीटर लावून बिनभाराचं ५.१० पर्यंत ठेव, ५.२५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. अर्थिंग लावायचंच, तीन पिनांचाच प्लग, आणि तुमच्या घरात अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घे, जुन्या घरात प्लगला तिसरं भोक असतं पण मागे तार नसते.

मग प्रत्येक स्टिकला वेगळी तार आणि त्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूज, गाड्यांमध्ये असतो तसला पातीचा चालेल. हे फ्यूज सगळ्यात महत्त्वाचे, कारण १८ अँपिअर देऊ शकणाऱ्या सप्लायला एक तार कुठे टेकली तर तो बंद पडायच्या आधी तार लाल करून टाकतो. डेटा हबमधून आणि पॉवर एसएमपीएसमधून घ्यायची तर हबकडून येणारी लाल तार कापायची आणि काळी ग्राउंडची तार जोडलेलीच ठेवायची. दोन्हीकडून ५ व्होल्ट एकाच वेळी आत गेले तर तारजोड दादांनी सांगितलेला दोन अडॅप्टरवाला घोळ परत होतो. आणि ग्राउंड वेगळे राहिले तर डेटाला काही अर्थच राहत नाही, स्टिक दिसेल, जाईल, दिसेल, जाईल.

एसएमपीएस वर जाळीचं झाकण हवंच. आमच्याकडे पावसाळ्यात दरवर्षी दोनतीन येतात, आत पाल किंवा मुंग्या शिरून शॉर्ट झालेले. उबेला येतात त्या.

जुनाखाणवाला :

हा धागा वाचून २०१३ आठवलं म्हणून लिहितोय, पोराच्या उपयोगाचं पण आहे त्यात थोडं.

तेव्हा मी बंगळुरूला नोकरीला होतो. एएसआयसीमायनर कंपनीचे ब्लॉक इरप्टर नावाचे युएसबी मायनर निघाले होते, लाल रंगाचे, पेन ड्राइव्ह एवढे, ३३३ मेगाहॅश प्रत्येकी. होय मेगाहॅश, तुझी एक स्टिक म्हणजे तसले आठशे. सुरवातीला एक स्टिक २ बिटकॉइनला विकत होते, मी खूप नंतर घेतले, आठ, तिघा मित्रांनी मिळून. त्यांची गंमत अशी होती की ते बरोबर अडीच वॉट खायचे, म्हणजे युएसबी २ च्या ५०० मिलिअँपिअरच्या मर्यादेवर अगदी टेकून, म्हणून लॅपटॉपच्या पोर्टात पण चालायचे आणि लोकांना वाटायचं हबमध्ये दहा खोचले की झालं. आम्हालाही तेच वाटलं. दहा पोर्टचा हब, आठ स्टिका, ४ अँपिअर हवेत आणि हबबरोबरचा अडॅप्टर होता २ अँपिअरचा. चार पर्यंत चालले, पाचवा लावला की सगळे दिवे लुकलुकायला लागले. आम्ही मोठा अडॅप्टर आणला ५ व्होल्ट ६ अँपिअरचा, आणि खूश झालो, आठही चालले. तीन आठवड्यांनी एका सकाळी हबचं जिथे अडॅप्टरची गोल पिन जाते ते सॉकेट वितळून पिन आत चिकटलेली. अडॅप्टर गार होता, स्टिका ठीक होत्या, मधलं सॉकेट ४ अँपिअर चोवीस तास सोसणारं नव्हतं. तेव्हापासून मी नवीन काही लावलं की पहिल्या तासात तीन ठिकाणी हात लावून बघतो, अडॅप्टर, सॉकेट, आणि प्लगची जागा. हात ठेवता येत नाही इतकं तापलं तर बंद.

दुसरं म्हणजे वारा. आम्ही आठही शेजारी शेजारी लावल्याने मधल्या दोघांच्या चुका वाढायच्या, सीजीमायनरमध्ये एरर दिसायचे. टेबलफॅन समोर ठेवला की लगेच कमी. तुझ्या एका स्टिकमध्ये १० वॉट आहेत म्हणजे आमच्या चार स्टिका एका बोटाएवढ्या जागेत, तेव्हा एकाआड एक पोर्ट सोड आणि ८० किंवा १२० मिलिमीटरचा कॉम्प्युटरचा पंखा समोरून लाव, पंखा वेगळ्या सप्लायवर, त्याच हबवर नको. स्टिकवरचा छोटा पंखा आणि हीटसिंक धुळीने भरतो, उन्हाळ्यात महिन्याला एकदा ब्रशने साफ कर.

हिशोबनीस :

कृष्णाकाठ, पैशाची आशा नाही असं तू आधीच लिहिलंस ते फार बरं केलंस, तरी आई-बाबांना आकडा दाखवायला उपयोगी पडेल म्हणून मांडतो.

चार स्टिका ४०० ला म्हणजे १०७२ गिगाहॅश, एक टेराहॅशहून जरा जास्त. जगाचं एकूण नेटवर्क एक झेटाहॅश धरलं म्हणजे एक हजार एक्साहॅश, तर तुझा वाटा शंभर कोटीत एकाच्या आसपास. २०२४ च्या एप्रिलमधल्या हाल्विंगनंतर (बक्षीस निम्मं होतं ते) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा जोडल्याबद्दल, ३.१२५ बिटकॉइन बक्षीस, दिवसाला १४४ ब्लॉक, म्हणजे ४५० बिटकॉइन. पूलमध्ये (अनेकांनी मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घ्यायचं) राहिलास तर रोजचे ४८ सातोशी, म्हणजे बिटकॉइनचे दहा कोटीवे भाग. बिटकॉइन ८० लाखांचा धरला तर रोजचे पावणेचार-चार रुपये, महिन्याचे ११५ च्या आसपास. एकट्याने सोलो लावलंस तर सरासरीने पावणेअठरा हजार वर्षांत एक ब्लॉक. उद्या पण लागू शकतो, शक्यता तेवढी.

वीज, स्टिका ४० वॉट, पाय, पंखा आणि कन्व्हर्टरचा तोटा धरून ५५ वॉट म्हण. दिवसाला १.३२ युनिट, महिन्याला ४० युनिट. हे ४० युनिट घरच्या वापराच्या वर जातात म्हणून महावितरणच्या बिलात ते वरच्या स्लॅबला लागायची शक्यता जास्त. ८ रुपये धरले तरी ३१७ रुपये. म्हणजे महिन्याला दोनशे रुपये शिकण्याची फी. क्लासपेक्षा स्वस्त आहे असं मी म्हणेन, पण बिल बाबा भरत असतील तर त्यांना आधी सांग.

आणि कराचं, २०२२ च्या एप्रिलपासून क्रिप्टो विकून झालेल्या फायद्यावर ३० टक्के कर आहे आणि मायनिंगच्या मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही हे सरकारने संसदेत स्पष्ट केलंय. ४८ सातोशीत त्याने फरक पडत नाही, पण उद्या सोलो ब्लॉक लागलाच तर पहिला फोन सीएला कर. कमाई जमा व्हायला पत्ता कुठला टाकलायस, स्वतःच्या वॉलेटचाच ना? वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द वहीत लिहून ठेवलेस ना? फोनमध्ये फोटो काढून ठेवला असशील तर आजच डिलीट कर.

कृष्णाकाठ९ :

सगळ्यांना उशिरा कळवतोय, परीक्षा होती.

डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे ताई, म्हणून एसएमपीएसचा रस्ता सोडला. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, पत्र्याच्या बॉडीचा ७ पोर्टचा हब घेतला, घ्यायच्या आधी विकणाऱ्याला सगळे मिळून किती अँपिअर ते विचारलं आणि लेबलचा फोटो मागवला. एक्स्टेन्शन केबल काढून टाकल्या, एकाआड एक पोर्ट, चार स्टिका बरोबर बसल्या. जुन्या कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा वेगळ्या अडॅप्टरवर समोर ठेवलाय. पायचा दिवा तपासला, नवीन हबने लागत नाही, त्यामुळे टेप लावावी लागली नाही.

एकेक करून लावत गेलो, प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून. चौथी लावल्यावर शेवटच्या पोर्टला ४.८८ व्होल्ट, करंट २.०२. सहा दिवस झाले, एकदाही झोंबी नाही. सीजीमायनर १०५० ते १०८० च्या मधे दाखवतं. जुनाखाणवाला काका, पहिल्या तासात तिन्ही ठिकाणी हात लावून बघितलं, हबचं सॉकेट कोमट, अडॅप्टर गरम पण हात ठेवता येतो. आता सगळं लाकडी टेबलावरून काढून फरशीच्या कट्ट्यावर ठेवलंय, आजूबाजूला कागद-कपडे काही नाही. रात्री अजून बंदच करतो, बाबा म्हणाले महिनाभर दिवसा चालव मग बघू. हिशोबनीस काकांचा हिशोब त्यांना दाखवला, दोनशे रुपये ठीक आहेत म्हणाले. बारा शब्द वहीत आहेत, फोटो होता तो डिलीट केला.

जुना हब उघडला. पहिल्या दोन पोर्टांच्या मधली पट्टी तपकिरी झालीय आणि अडॅप्टरच्या सॉकेटची एक टाचणी बोर्डपासून सुटत आलीय, सोल्डरला गोल भेग पडलीय. ताई, हे परत सोल्डर करून नुसत्या कीबोर्ड-माऊससाठी वापरता येईल का, का टाकूनच देऊ?

सोल्डरवाली :

कीबोर्ड-माऊसला चालेल, पण अडॅप्टर न लावता, नुसता कॉम्प्युटरच्या पोर्टवर. सॉकेट काढूनच टाक म्हणजे पुढे घरात कोणी चुकून अडॅप्टर लावणार नाही. तपकिरी पट्टीवर नखाने घासून बघ, तांबं बोर्डपासून उचललं गेलं असेल तर मात्र ई-कचऱ्यात दे.